विश्वकिरणांना रविवार नसतो: एका म्यूऑन मोजणीचं प्रकरण

मध्य मुंबईतल्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. टी. वाय. बी. एस्सी.च्या चार विद्यार्थ्यांनी एका शैक्षणिक वर्षात इथे विश्वकिरणांतले, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या माऱ्यातले, म्यूऑन नावाचे कण मोजले. त्या कामात एक अडचण आली, ती त्यांनी कशी सोडवली आणि मी तेव्हा काय केलं, काय चुकले, ते इथे सविस्तर लिहिते आहे. मुलांची खरी नावं देत नाही. मुंबईत माणूस स्टेशनवरून ओळखला जातो, म्हणून इथेही तसंच ठेवते: बदलापूरकर आणि परळकर या दोघी मुली, वसईकर आणि गोवंडीकर हे दोघे मुलगे.

चौघांपैकी कोणीच वर्गात पहिल्या पाचांत नव्हतं. गोवंडीकरला तर दुसऱ्या वर्षी गणितात केटी लागली होती. हे आवर्जून सांगते, कारण संशोधनाची संधी आली की आपण गुणांची यादी काढतो आणि वरून बोट फिरवतो. मी यादी काढली नाही. वर्गात एवढंच विचारलं, "ज्याचं उत्तर मलाही ठाऊक नाही असं काहीतरी मोजायला कोण येईल?" अकरा जण आले. महिनाभरात सात गळाले, हे चार उरले.

प्रॅक्टिकलला काय चालतं ते भौतिकशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. बार पेंडुलम लटकवायचा, दोलनं मोजायची, g म्हणजे गुरुत्वाचं त्वरण काढायचं. आकडा ९.८ च्या जवळ आला नाही तर दोन-तीन रीडिंगांवरून हळूच हात फिरवायचा. मागच्या बॅचचं जर्नल शेजारी उघडं असतंच. मुलं लबाड असतात म्हणून हे घडत नाही. उत्तर आधीच छापलेलं आहे आणि गुण त्या उत्तराला आहेत, तेव्हा शहाणा मुलगा दुसरं काय करील? तीन वर्षं अशी गेली की त्याच्या अंगात एक सवय मुरते: आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला तर चूक आकड्याची. संशोधनात नेमकी हीच सवय घात करते.

काय मोजायचं होतं

म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचा सुमारे २०७ पट जड भाऊबंद. अवकाशातून येणारे वेगवान प्रोटॉन वातावरणाच्या वरच्या थरांत हवेच्या अणुकेंद्रांवर आदळतात, त्यातून पायॉन नावाचे अल्पजीवी कण निघतात आणि पायॉनांचे म्यूऑन होतात. हे बहुतेक सगळं १५ किलोमीटरच्या आसपास उंचीवर घडतं. म्यूऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा साडेसहाशे-पावणेसातशे मीटरच जातो. तरी म्यूऑन खाली पोचतो, कारण इतक्या वेगाने जाणाऱ्या कणाचं घड्याळ आपल्या हिशेबात सावकाश चालतं. समुद्रसपाटीवर आडव्या ठेवलेल्या एका चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्यूऑन जातो. हे वाक्य वाचेपर्यंत तुमच्या तळहातातून दहाएक गेले असतील.

मुंबईला हा विषय परका नाही. होमी भाभांनी भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर हाइटलरबरोबर १९३७ मध्ये विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त मांडला, आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली तेव्हा विश्वकिरण हे तिथलं एक मुख्य काम होतं. बिभा चौधुरी १९४९ मध्ये त्या संस्थेत रुजू झाल्या. त्याआधी दार्जिलिंगच्या डोंगरांवर फोटोग्राफिक प्लेट ठेवून त्यांनी अशाच कणांच्या खुणा टिपल्या होत्या. कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६५ मध्ये वातावरणातल्या न्यूट्रिनो नावाच्या कणांची नोंद झाली, त्यातही ही संस्था होती. आज उटीला ग्रेप्स-३ नावाच्या प्रयोगात तिचीच ५६० चौरस मीटरची म्यूऑन दुर्बीण चालते. १ डिसेंबर २०१४ ला एका वादळी ढगाखाली म्यूऑनांची संख्या किंचित घटली, आणि तेवढ्या घटीवरून त्या ढगात सुमारे १.३ अब्ज व्होल्ट विभवांतर असल्याचं तिथल्या लोकांनी काढलं. ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी मुलांना सांगितली. टक्का-दोन टक्क्यांच्या फरकात केवढं काय दडलेलं असू शकतं ते त्यांनी ऐकावं, एवढाच हेतू होता. पुढे हेच वाक्य त्यांनी माझ्यावर उलटवलं, ते येईलच.

आमचं उपकरण अगदी लहान. २० सेंटिमीटर बाजूच्या प्लास्टिक सिंटिलेटरच्या दोन पाट्या एकावर एक, मध्ये १० सेंटिमीटर अंतर. म्यूऑन गेला की पाटीत प्रकाशाची बारीक चमक होते आणि कडेला चिकटवलेला सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर ती विजेच्या स्पंदात बदलतो. एकटी पाटी नुसत्या गोंगाटानेही स्पंद देते, म्हणून दोन्ही पाट्यांतून एकाच वेळी स्पंद आला तरच मोजायचा. ब्रूनो रॉसीने १९३० मध्ये व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या) वापरून केलेली ही युक्ती. आमच्या मुलांनी ती स्वस्तातल्या अँड गेटने केली. त्यांनी तो गेट दुसऱ्या वर्षी शिकला होता, परीक्षेत ट्रूथ टेबलही लिहिलं होतं. तो कशासाठी असतो ते आता कळलं.

जुलै-ऑगस्ट पाट्या प्रकाशबंद गुंडाळण्यात गेला. आत चकचकीत फॉइल, वर काळा कागद, त्यावर काळी टेप. दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च फिरवायचा, मोजणी उसळली की तिथे फट. बाहेर पाऊस, आत दमट हवा, टेप सुटायची. बदलापूरकरने सहा वेळा सगळं उसवून पुन्हा गुंडाळलं. उपकरण शेवटी कॉम्प्युटर लॅबच्या कोपऱ्यात ठेवलं, कारण यूपीएस फक्त तिथे होता. ही जागा लक्षात ठेवा.

रात्रीची घट

सप्टेंबरच्या सुरुवातीला मोजणी सुरू झाली. दिवसा तासाला १४,४०० च्या आसपास म्यूऑन. अशा मोजणीत आकड्याच्या वर्गमुळाएवढा फरक सहज पडतो; १४,४०० चं वर्गमूळ १२०, म्हणजे नुसत्या योगायोगाने तासातासांत शे-सव्वाशेचा फरक पडणारच. तो पडत होता. पण संध्याकाळनंतर आकडा १३,७०० वर उतरायचा आणि सकाळपर्यंत तिथेच राहायचा. सातशेचा फरक. योगायोगाच्या सहापट.

पहिल्या आठवड्यात चौघांची तीन मतं झाली. वसईकर आनंदाने वेडा झाला होता. सूर्य मावळला की म्यूऑन कमी होतात, म्हणजे ते सूर्याकडून येतात, असं त्याचं म्हणणं. त्याने ग्रेप्सचं वाक्य मला परत ऐकवलं, "मॅडम, तुम्हीच म्हणालात, एक-दोन टक्क्यांत केवढं काय असतं. हे तर पाच टक्के आहेत." परळकरचं मत व्यवहारी होतं: रात्री काहीतरी बिघडतं, रात्रीची रीडिंग खराब आहेत, ती काढून टाकू आणि फक्त दिवसाची घेऊ. बदलापूरकर काहीच म्हणाली नाही. तिने तक्ता वहीत चिकटवला आणि खाली लिहिलं, "कारण माहीत नाही."

मला अंदाज होता. सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरला उकाडा सोसत नाही. तापमान वाढलं की त्याचं ब्रेकडाउन व्होल्टेज, म्हणजे ज्याच्या वर तो काम करतो ते व्होल्टेज, वर सरकतं. आपण दिलेलं व्होल्टेज तेवढंच असल्याने प्रत्येक स्पंद थोडा बुटका होतो आणि उंबरठ्याजवळचे (ज्या उंचीखालचे स्पंद मोजलेच जात नाहीत तो थ्रेशोल्ड) काही स्पंद गळतात. हे मी एका मिनिटात सांगू शकले असते. सांगितलं नाही. परळकरला मात्र स्पष्ट नकार दिला, आणि त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर एक नियम लिहून घेतला: कोणतंही रीडिंग काढायचं असेल तर त्याचं कारण रीडिंगच्या बाहेर सापडलं पाहिजे, आणि ते काढण्याआधी लिहिलं पाहिजे. ती रुसली. तिला वाटलं, मी तिला खोटारडी म्हणते आहे. तसं नव्हतं. तीन वर्षं आम्हीच तिला जे शिकवलं तेच ती करत होती. हे तिला त्याच दिवशी समजावून सांगायला हवं होतं; मी आठवड्याने सांगितलं.

गप्प राहणं बरोबर होतं का, यावर माझं आजही पूर्ण समाधान नाही. दोन आठवडे चौघं चाचपडत राहिली. वसईकरने सूर्यावरचे लेख वाचून काढले, त्याला वाईट वाटणार हे मला दिसत होतं. पण त्या दोन आठवड्यांत त्यांनी जे केलं ते सांगून करून घेता आलं नसतं, असं माझं मत आहे.

रविवार

धागा गोवंडीकरला सापडला. तो संध्याकाळी क्लासमध्ये शिकवायचा, घर त्यावरही चालायचं. लॅबमध्ये तो सगळ्यांत कमी दिसे, आणि बाकीच्यांच्या मनात त्याची अढी होती. मी त्याला डेटाची जबाबदारी दिली होती: मोजणीची फाइल रोज फोनवर यायची, हार्बर लोकलमध्ये तो ती बघायचा. लॅबमध्ये बसणाऱ्यांना एक-एक दिवस दिसत होता, याला तीन आठवड्यांची रांग एकदम दिसली. सोमवारी सकाळी तो आला आणि म्हणाला, "मॅडम, रविवारी दिवसासुद्धा मोजणी कमीच आहे. तिन्ही रविवारी. विश्वकिरणांना रविवार कसा कळतो?"

लॅबमध्ये कोणी काही बोललं नाही. मग वसईकरच म्हणाला, "सूर्य रविवारी पण उगवतो." आपल्या सिद्धान्ताचा शेवट त्याने स्वतःच्या तोंडाने केला. त्या वाक्याचं मला त्याच्या सगळ्या गुणपत्रिकांपेक्षा अधिक मोल वाटतं.

आता प्रश्न बदलला. रविवारी कॉलेजात काय नसतं? माणसं नसतात, लाइट नसतात, पंखे नसतात, एसी नसतो. बदलापूरकरने वही उघडली. तिला बारीकसारीक लिहून ठेवायची सवय; एका शुक्रवारी ती उशिरापर्यंत थांबली होती आणि समासात लिहून ठेवलं होतं: "मामांनी एसी बंद केला, ५.२०." त्या दिवशीची मिनिटामिनिटाची मोजणी काढली. साडेपाचनंतर ती उतरायला लागली होती.

एका दिवसाने काही सिद्ध होत नाही, हे परळकर म्हणाली. ती अजून रागावलेली होती आणि त्यामुळेच नेमकी कठोर झाली होती. रोजच्या वेळा कुठून मिळणार? लॅबच्या शिपाईमामांना विचारलं. आमच्या लॅबचे मामा कित्येक वर्षं किल्ली सोपवताना ऑफिसच्या रजिस्टरमध्ये वेळ लिहून सही करतात: लॅब उघडली ९.१०, बंद केली ५.४०. एसी कुलूप लावतानाच बंद होतो. त्या रजिस्टरात तीन आठवड्यांच्या सगळ्या वेळा होत्या, मामांच्या वळणदार अक्षरात, एकही दिवस न चुकता. मुलांनी त्या उतरवून घेतल्या आणि मोजणीच्या आलेखावर एकेक उभी रेघ मारली. लवकर कुलूप त्या दिवशी लवकर घट, उशिरा कुलूप त्या दिवशी उशिरा. गणपतीच्या सुट्टीचे पाच दिवस सलग सपाट.

मामा तो आलेख बघायला आले. आपल्या सह्यांच्या वेळांनी विश्वकिरणांच्या प्रयोगात साक्ष दिली, हे त्यांना समजावून सांगताना परळकर हसली, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. अहवालाच्या आभारात मामांचं नाव सर्वांत वर आहे.

यानंतरही मी त्यांना थांबवलं. जुळणं म्हणजे कारण नव्हे. आधी भाकीत लिहा, मग करून बघा. त्यांनी वहीत लिहिलं: शुक्रवारी रात्रभर एसी चालू ठेवला तर घट होणार नाही, मंगळवारी सकाळी अकराला बंद केला तर बारापर्यंत मोजणी पाच टक्क्यांनी उतरेल. दोन्ही भाकितं खरी ठरली. मग तापमानाचा सेन्सर पाट्यांना चिकटवला आणि पहिल्यांदा 'डेटा शीट' (उत्पादकाने दिलेलं माहितीपत्रक) नावाची गोष्ट कोणीतरी मन लावून वाचली. ब्रेकडाउन व्होल्टेजची ओळ त्यांनी स्वतः शोधली.

या टप्प्यावर मी त्यांना कुलाब्याच्या वेधशाळेची हकीकत सांगितली. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारलेली ही वेधशाळा पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद १८४१ पासून करत होती. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या प्रवाहाने चुंबकमापकं बिघडणार हे उघड होतं. म्हणून १९०४ मध्ये ते काम समुद्रापलीकडे अलिबागला नेलं आणि काही काळ दोन्हीकडच्या नोंदी समांतर घेतल्या, जुनी मालिका नवीला जोडता यावी म्हणून. शहर उपकरणात शिरतं. ते कुठून शिरतं ते ओळखणं हे शास्त्रज्ञाचं रोजचं काम आहे, आणि आमच्या मुलांनी ते ओळखलं होतं.

मासळीची पेटी आणि हवेचा दाब

तोडगा वसईकरने आणला: बाजारात मासळी बर्फात ठेवतात ती थर्माकोलची जाड पेटी. धुऊन, उन्हात वाळवून आणली तरी आठवडाभर लॅबला बोंबलाचा वास होता. पेटीच्या आत पाट्या ठेवल्या, तेव्हा एसी चालू-बंद झाल्याने होणारा तापमानातला चढउतार सहा अंशांवरून दीड अंशाच्या आत आला. उरलेली दुरुस्ती हिशेबाने.

आणि मग खरं मोजमाप सुरू झालं. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो हवा असते. हवेचा दाब वाढला की म्यूऑनना अधिक हवा ओलांडावी लागते, म्हणून खाली पोचणारे कमी होतात. उष्ण कटिबंधात हा दाब रोज दोनदा भरती-ओहोटीसारखा हलतो: सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमाराला चढलेला, पहाटे चार आणि दुपारी चारला उतरलेला. फरक जेमतेम तीन-चार हेक्टोपास्कल. मोजणीत त्याचा परिणाम अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे तासाच्या योगायोगापेक्षाही कमी. तो दिसायचा तर महिनोन् महिने मोजत राहायला हवं.

इथे परळकरने जो प्रश्न काढला तो माझ्या डोक्यात नव्हता. दुपारी चारला दाब सर्वांत कमी असतो आणि त्याच वेळी उकाडाही भरपूर असतो. उतरलेला दाब मोजणी वाढवणार, उकाडा ती कमी करणार. दोघं एकमेकांना खाऊन टाकतील, मग आपल्याला काय दिसेल? रीडिंग काढून टाकू म्हणणारी हीच मुलगी. तिने सगळे तास तापमानाच्या अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या पट्ट्यांत वाटले आणि एकेका पट्टीत दाबाविरुद्ध मोजणी मांडली. ऑक्टोबर ते डिसेंबर, दिवाळीच्या सुट्टीसकट, बाराशेच्या आसपास वापरण्याजोगे तास हाती होते. निष्कर्ष: दाब एक हेक्टोपास्कलने वाढला की मोजणी ०.१७ टक्क्यांनी घटते, अधिक-उणे ०.०५. जमिनीवरच्या म्यूऑनसाठी हा आकडा साधारण ०.१ ते ०.२ टक्के असतो. हे मी त्यांना त्यांचा आकडा शाईने लिहून झाल्यावर सांगितलं.

गुण

अंतर्गत मूल्यमापनाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अहवाल चाळला आणि विचारलं, "प्रमाणित किंमत किती? तुमची चूक किती टक्के?" बदलापूरकर म्हणाली, "सर, आमची अनिश्चितता तीस टक्के आहे, ती कुठून आली ते पान चौदावर आहे." पान चौदा उघडलं गेलं नाही. रकाने ठरलेले होते: उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. तीन आठवड्यांच्या त्या शोधासाठी रकानाच नव्हता. ज्या गटाने तयार किट जोडून पाठ्यपुस्तकातला आकडा दाखवला, त्यांना जास्त गुण मिळाले.

मला याचा राग आला होता, अजून आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे चार वर्षांच्या पदवीत शेवटच्या वर्षी संशोधन प्रकल्प आला आहे. फार चांगलं झालं. पण पहिली तीन वर्षं छापील उत्तराला गुण देऊन चौथ्या वर्षी अचानक संशोधक मागितला तर तो कुठून येणार? आणि त्या वर्षासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के ही अट आहे. गोवंडीकर त्यात बसत नाही. रविवार त्यालाच दिसला होता.

वेळेचाही प्रश्न आहे. लॅबमध्ये आठपर्यंत थांबणं बदलापूरकरला शक्य होतं कारण घरच्यांनी रात्रीच्या लोकलला हरकत घेतली नाही. तिच्याच वर्गातल्या दोघी याच कारणाने गळाल्या. त्या सात जणांपैकी किती कंटाळले आणि किती नाइलाजाने गेले, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता पहिल्याच दिवशी विचारते, आणि कामं तशी वाटते: कोणाला सोल्डरिंग, कोणाला लोकलमध्ये बसून होण्यासारखी फाइल. गोवंडीच्या पुढच्याच स्टेशनला, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाशी जोडणारा राष्ट्रीय उपक्रम चालतो. गोवंडीकर तीन वर्षं रोज उलट दिशेची गाडी पकडत होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, मीही नाही.

यंदाच्या बॅचने तेच उपकरण घेतलं आहे. पाचव्या मजल्यावर आणि तळमजल्यावर मोजून मधल्या स्लॅब किती म्यूऑन अडवतात ते बघायचं, असं त्यांनी ठरवलं. सुरुवातीला मी त्यांना जुनी वही पूर्ण वाचायला लावली. चौथ्या दिवशी एक मुलगी वही घेऊन आली. ११ नोव्हेंबरच्या पानावर लिहिलं होतं, "थ्रेशोल्ड थोडा वाढवला." कारण नाही, किती ते नाही. अक्षर माझं होतं. मला आठवेना. पूर्वीच्या बॅचला फोन केले, त्यांनाही सांगता आलं नाही. यंदाच्या मुलांनी बाराशे तास त्या तारखेआधीचे आणि नंतरचे असे वेगळे काढले, दोन्हींचा दाबाचा आकडा पुन्हा काढायला घेतला, आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर जुना नियम उतरवून त्याखाली एक ओळ जोडली: "मॅडमनी काही बदललं तर मॅडमनीही कारण लिहायचं." मी खाली सही केली.